रस्ता पूर्ववत करून देईन

आमच्या गल्लीत रस्ता खोदण्यासाठी लेखी परवानगी मागणारा मी पहिलाच माणूस. ही बातमी फुटली त्या संध्याकाळी दोन जण माझी तब्येत विचारून गेले. एकाने तर निघताना बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "सर रिटायर झाल्यापासून असं करून रायले का?"

खरं तर मला रस्ता खोदायची हौस नव्हती. मला पाणी पाहिजे होतं. यवतमाळच्या माणसाला पाण्याची जी ओढ असते ती बाहेरच्याला सांगून कळत नाही. निळोणा आणि चापडोह ही आमची दोन धरणं बोलण्यात सोयऱ्यांसारखी येतात. "निळोणा कसा हाय?" "बरा हाय, पन उन्हाळा काढन असं वाटत नाही." 2018 च्या उन्हाळ्यात तर दोन्ही सोयऱ्यांनी हात टेकले. नळ पंधरा-वीस दिवसांनी यायला लागला. लोक लग्नाचा मुहूर्त टँकरवाल्याला विचारून काढू लागले. तेव्हापासून सगळ्या गावाचे डोळे बाभुळगावकडच्या बेंबळा धरणाला लागले होते. अमृत योजनेतून तिथलं पाणी आणायचं ठरलं आणि पाण्याच्या आधी पाईप आले. पाईप आले म्हणजे नाल्या आल्या. दत्त चौकातून आर्णी रोडला निघालेला माणूस तेव्हा रस्ता कोणता जवळचा हे विचारत नव्हता, कोणता शिल्लक आहे ते विचारत होता.

त्यातलाच एक पाईप आमच्या गल्लीतही आला, पण पलीकडच्या अंगाने. माझं घर अलीकडे. मधे बारा फूट रस्ता. शेतं, नाले, टेकाडं ओलांडून आलेलं बेंबळ्याचं पाणी शेवटच्या बारा फुटांवर माझ्याकडे बघत उभं राहिलं.

प्लंबरला हा प्रश्न वाटतच नव्हता.

"सर, कायले कागदं करता? रात्री अकराले दोन पोट्टे घेऊन येतो. बारा फूट म्हंजे अर्ध्या घंट्याचं काम. सकाळी तुमच्या टाकीत पानी."

"आणि रस्ता?"

"रस्ता कुठं चालला? तो तिथंच रायते."

पण मी आयुष्यभर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलेलं. त्यातलं नागरिकशास्त्र पोरं पेपरच्या आदल्या रात्री वाचतात आणि मोठेपणी तेही विसरतात. ते शिकवलेलं एकदा तरी वापरून बघावं, अशी माझी जुनी इच्छा होती. मी प्लंबरला म्हणालो, "परवानगी काढू." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला नळासाठी कोर्टात जाऊ म्हणालो होतो.

अर्ज करायचा हे ठरलं, पण कोणाकडे? रस्ता आधी कोणाचा तरी असावा लागतो. 1943 साली देशातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी 'नागपूर योजना' नावाचा प्रसिद्ध आराखडा केला. राष्ट्रीय महामार्ग, राज्याचे मार्ग, जिल्हा मार्ग, गावरस्ते अशी रस्त्यांची उतरंड त्यात लावली. नागपूर इथून तीन तासांवर. ऐंशी वर्षं उलटून गेली, पण ती उतरंड अजून आमच्या गल्लीपर्यंत उतरलेली नाही. यवतमाळातून जाणारा तुळजापूर-नागपूर रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 361. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे, काही नगर परिषदेचे. काही ले-आउटमधले रस्ते तर असे, की ते पाडणाऱ्याने अजून कोणाच्या हवाली केलेलेच नाहीत, पोरकेच आहेत बिचारे. रस्त्याचा मालक ओळखायची खात्रीची खूण एकच, उद्घाटनाचा दगड. आमच्या गल्लीत दगड दोन आहेत. रस्ता एकच.

चार ठिकाणी विचारल्यावर आमच्या रस्त्याचा मालक सापडला. ते कार्यालय कोणतं हे मी सांगणार नाही. मला अजून याच गावात राहायचं आहे, आणि माझी अनामत रक्कमही अजून तिथंच आहे.

अर्ज चार पानी होता. अर्जदाराचं नाव, घरपट्टीची पावती, जागेचा हातनकाशा, खोदाईची लांबी-रुंदी-खोली. हे सगळं मी शाळेतल्या सवयीने सुवाच्य अक्षरात भरलं. मग एका रकान्यापाशी थांबलो. 'रस्त्याच्या पृष्ठभागाचा प्रकार'. पुढे डांबरी, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, खडीचा, मुरमाचा असे चौकोन. शुल्क मीटरमागे, आणि प्रत्येक प्रकाराचा दर वेगळा. हे रास्तच आहे. काँक्रीट फोडून पुन्हा करायला जो खर्च येतो तो मुरमाला येत नाही.

आमचा रस्ता मुरमाचा आहे. मधे दोन-चार ठिकाणी डांबराचे काळे ठिपके आहेत, बाळाला तीट लावावी तेवढे. मी 'मुरमाचा' या चौकोनात खूण केली.

कार्यालयातल्या बाबूंनी चष्मा वर केला. "सर, हा रस्ता डांबरी हाय."

"मी तिथंच राहतो."

"रजिस्टरले डांबरी हाय."

"पण जमिनीवर..."

"जमीन आमच्याकडं नसते सर. रजिस्टर असते."

मी थोडा वाद घातला. मग त्यांनी आवाज खाली आणून मला समजावलं, आणि समजावलं ते अगदी आपलेपणाने. "तुमी मुरमाचा लिवून दिला, मी पुढं पाठवला, त उद्या कोनी विचारन का डांबर कुठं गेलं. मंग? तुमच्या एका नळापायी चौकशी लागन. तुमी शिक्षक मानूस, तुमाले कोनाचं वाईट कराचं हाय का?"

कोणाचं वाईट करायचं नव्हतं. मी खूण खोडली, शेजारी सही केली आणि जे डांबर नव्हतंच ते फोडल्याबद्दल डांबरी दराने पैसे भरले. वर अनामत भरली. वर स्टॅम्प पेपरवर हमीपत्र दिलं, 'काम झाल्यावर रस्ता पूर्ववत करून देईन.' 'पूर्ववत' हा शब्द मी हजार वेळा फळ्यावर लिहिला असेल. त्याच्या पोटात काय आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. एकसष्टाव्या दिवशी मी अभ्यास करून गेलो. केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गाधिकार नियमांत दूरसंचार कंपन्यांसाठी एक सुरेख कलम होतं. केबल टाकायला अर्ज केला आणि साठ दिवसांत काहीच उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं समजावं. शुल्कही बेताचं, किलोमीटरला हजार रुपयांच्या आतच. ते नियम जाऊन 1 जानेवारी 2025 पासून नवे लागू झाले आहेत, पण मौन म्हणजे संमती ही आपली म्हण सरकारी कागदावर आली याचा मला मराठीचा शिक्षक नसूनही आनंद झाला होता. मी बाबूंना म्हणालो, "साठ दिवस झाले. आता मला परवानगी आहे असं समजायचं का?"

"ते केबलले हाय सर, पाईपले नाही."

"असं का?"

त्यांनी खरंच विचार केला. "केबलमधून बोलनं जाते. म्हनून चूप रायलं की होकार. पाईपातून काय जाते?"

पाईपातून काय जातं ते मला दिसायला फार दिवस लागले नाहीत. सत्तराव्या की बहात्तराव्या रात्री गल्लीत मोठा आवाज झाला. सकाळी दार उघडलं तर रस्त्याच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टीने ओढल्यासारखी सरळ नाली. कोणत्या तरी कंपनीची केबल. फलक नाही, माणूस नाही, फक्त नारिंगी नळीचं एक टोक वर आलेलं. त्या यंत्राने शेजाऱ्यांच्या नळाचा पाईप मधोमध तोडला होता. पाणी उसळून गल्लीभर पसरलं होतं आणि उतार आमच्या बाजूला. बेंबळ्याचं पाणी पहिल्यांदा माझ्या घरी आलं ते असं, उंबरठ्यावरून.

प्लंबर सायकलवरून उतरलासुद्धा नाही. एक पाय टेकवून म्हणाला, "सर, देवानंच खोदून देल्लं समजा. त्याच्यातच टाकतो पाईप. खोदलेलं पुन्हा कायले खोदता?"

तांत्रिकदृष्ट्या तो बरोबरच होता. रस्ता एकदाच उघडावा, सगळ्यांनी आपापलं सामान एकाच वेळी घालून घ्यावं, ही जगभरची शहाणपणाची रीत. आपल्याकडेही इंडियन रोड्स काँग्रेसने रस्त्याखाली कोणती वाहिनी कुठे आणि किती खोल असावी याची पुस्तिकाच काढलेली आहे. ही संस्था 1934 ची, आणि ती ज्या समितीच्या शिफारशीतून निघाली तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. म्हणजे मराठी माणसाने रस्त्याचा विचार केलाच नाही असं म्हणायची सोय नाही. पण माझा अर्ज पुढे गेलेला होता. त्यात खोदाईची जागा नकाशासह दाखवलेली होती, आणि ही नाली त्या जागेत बसत नव्हती. मी नाही म्हणालो. दोन दिवस बायको माझ्याशी बोलली नाही. केबलच्या नियमाने हा होकार धरायचा का, हे तिला विचारायचा धीर मला झाला नाही.

पुण्याला असलेल्या भाच्याने फोनवर सांगितलं, "मामा, यासाठी ॲप आहे." आणि आहे खरंच. 'कॉल बिफोर यू डिग'. पंतप्रधानांनी 22 मार्च 2023 रोजी त्याचं लोकार्पण केलं. खोदणाऱ्याने आधी त्यात नोंद करायची, म्हणजे जमिनीखाली कोणाची केबल, कोणाचा पाईप आहे ते कळतं आणि त्या मालकालाही खबर जाते. अशा आंधळ्या खोदकामाने देशाचं दर वर्षी सुमारे 3,000 कोटी रुपयांचं नुकसान होतं, असा सरकारचाच अंदाज होता. कल्पना उत्तम आहे. आमच्याकडे फक्त क्रम वेगळा आहे. आधी खोदायचं. मग कोणाचा फोन बंद पडतो ते बघायचं. ज्याचा पडेल तो ओरडत येतो, त्यावरून केबल कोणाची हे नक्की होतं. त्याला ॲप लागत नाही, आणि त्या वेळी नेटही नसतं.

नाली बुजवली गेली. म्हणजे काढलेली माती तिच्यावर परत लोटली गेली आणि उरलेली दोन्ही बाजूंना ढिगाने राहिली. इथं यवतमाळची माती समजून घेतली पाहिजे. ही कापसाची काळी माती. पाणी प्याली की फुगते, ऊन लागलं की आकसते आणि भेगाळते. पऱ्हाटीला ती आई आहे, रस्त्याला सावत्र आई. नाली बुजवायची तर मुरूम आणावा, वीतभर जाडीचे थर द्यावेत, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसानं कुटावं, मग वरचा पृष्ठभाग करावा. हे इंजिनिअरिंगच्या पुस्तकात आहे आणि आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, राळेगावकडे शेती असलेल्या काकांनाही ठाऊक आहे. त्यांनी बुजवलेल्या नालीवर उभं राहून टाचेने माती दाबली आणि म्हणाले, "सरी चांगली पडली. पऱ्हाटी टोबली त दोन क्विंटल होईन."

पहिल्याच वळवाच्या पावसात ती सरी बसली. बरोबर माझ्या दारासमोर गुडघाभर खड्डा झाला.

आता खड्ड्याचा कायदा. मुंबईचा पालिका कायदा 1888 चा. परवानगीशिवाय रस्ता फोडू नये हे त्यात आहे. परवानगी मिळाली तरी भोवती कुंपण करावं, आणि अपघाताचं भय असेल तिथं रात्री दिवा लावावा, हेही आहे. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसांना खड्ड्याजवळचा अंधार दिसला होता. आमच्या गावात पाच कंदील चौक आहे, पण त्यातला एकही कंदील खड्ड्यापर्यंत आलेला मी पाहिला नाही. आमच्याकडे खड्ड्यात बेशरमाची फांदी रोवतात. हे झाड नाल्याकाठी फुकट मिळतं, कशातही जगतं, आणि या कामाला याहून योग्य नाव वनस्पतिशास्त्रात सापडणार नाही. माझ्या दारासमोर कोणी तरी रोवलेली फांदी तिसऱ्या आठवड्यात फुटली. दसऱ्याच्या सुमाराला तिला जांभळी फुलं आली.

हसून सगळं भागत नाही, हेही माहीत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने जीव गेला तर वारसांना सहा लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं, जखमींनाही वेगळी. ते वाचल्यावर मी रात्री उठून फांदीला माझा जुना पांढरा सदरा बांधून आलो.

पण खड्ड्याला भाव आहे हे कळल्यावर माझ्यातला मास्तर हिशेब करू लागला. लंडनमध्ये 2012 पासून काही मोठ्या रस्त्यांवर खोदणाऱ्याकडून दिवसाचं भाडं घेतात, जास्तीत जास्त अडीच हजार पौंड. तुम्ही लोकांचा रस्ता अडवला ना, मग जागेचं भाडं भरा, इतका साधा हिशेब. आमच्या गल्लीतल्या खड्ड्याचं असं भाडं लावलं असतं तर बेंबळ्याहून दुसरी पाईपलाईन आणता आली असती. मुंबईत गणपतीच्या मांडवासाठी रस्त्यात खड्डा केला तर मंडळाला दंड आहे, खड्ड्यामागे दोन हजार. 2025 साली तो पंधरा हजारांवर नेला आणि ओरड झाल्यावर पुन्हा दोन हजारांवर आणला. आमचा मोठा सण दुर्गोत्सव. यवतमाळची दुर्गादेवी बघायला लांबलांबून माणसं येतात, मांडव तर मंदिरं, किल्ले, राजवाडे. आमच्या गल्लीच्या मंडळाच्या पोरांना मी विचारलं, "बल्ल्यांसाठी खड्डे करायची परवानगी काढली का रे?" त्यांनी माझ्या दारासमोरचा खड्डा दाखवला. "सर, रेडिमेड हाय नं." मधली मुख्य बल्ली त्यात, बेशरमाच्या शेजारी, अगदी घट्ट बसली. आपल्याकडे खोदलेलं काहीही वाया जात नाही.

या सगळ्या काळात एक गोष्ट माझ्या लक्षात येत गेली. खोदायला परवानगी लागते. बुजवायला ती कुठेच मागितलेली नाही. आणि परवानगीशिवाय काम करायला आपली यंत्रणा बिचकते. म्हणून खड्डे राहतात. मी हे बाबूंना चहा घेता घेता सांगितलं, तेव्हा ते हसले नाहीत. 'मुद्दा बरोबर आहे' अशी मान हलवली आणि कागदावर काही तरी टिपून घेतलं. तिथंच मला सावध व्हायला पाहिजे होतं.

देवी उठली, बल्ल्या निघाल्या, खड्डा थोडा मोठा होऊन परत मिळाला आणि दिवाळीच्या आधी माझी परवानगी आली. गोल शिक्का, जावक क्रमांक, अकरा अटी. काम दिवसा करावं, मातीचा ढीग रस्त्यावर ठेवू नये, इतर वाहिन्यांना धक्का लागू नये, खोदाईपूर्वीचं आणि नंतरचं छायाचित्र सादर करावं, आणि अट सात, 'रस्ता पूर्ववत करावा.' मी कागदाची झेरॉक्स काढून फाटकावर लावली. पोस्टमन, दूधवाला, भाजीवाली, सगळ्यांनी थांबून वाचली. रात्री खोदणारा एक गडी तर ती हातात धरून पाहत होता. परवानगी त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली असावी.

प्लंबर भरदिवसा आला आणि फार अवघडला. "सर, लोक पाहून रायले," असं दोनदा म्हणाला. बारा फूट नाली, पाईप, जोडणी. मग मी हट्टाने मुरूम आणवला. थर दिले, पाणी मारलं, धुमस फिरवला. राळेगावच्या काकांनी स्वतः चार ठोके दिले. माझ्या दारासमोरचा तो खड्डाही त्याच ओघात भरून टाकला आणि वर सिमेंट-गिट्टीचा गिलावा केला. पट्टा असा गुळगुळीत झाला की दुसऱ्या दिवशी पोरं त्यावर कंचे खेळत होती. समोरच्या वहिनींनी त्यावर चादर पसरून वाळवण घातलं. दुचाकीवाले मुद्दाम वळसा घेऊन त्यावरून जायला लागले. तेवढेच तीन सेकंद पोटात हलत नाही म्हणून.

नळाला पाणी आलं. बायको बोलू लागली.

अनामत परत घ्यायला मी दोन्ही छायाचित्रं घेऊन गेलो. बाबूंनी ती शेजारी-शेजारी ठेवली. पहिल्यात मुरूम, मधे खड्डा, खड्ड्यात फुललेलं बेशरम आणि माझा सदरा. दुसऱ्यात स्वच्छ पट्टा. ते बराच वेळ एकातून दुसऱ्यात बघत राहिले.

"सर, हे पूर्ववत कुठं हाय?"

"म्हणजे?"

"पयले खड्डा होता. आता दिसून नाही रायला."

"तो मी बुजवला."

"तेच म्हनतो. परवानगी खोदाची होती. हमीपत्र पूर्ववतचं होतं. बुजवनं हे नवीन काम झालं." मग त्यांनी खण उघडला. "तुमीच म्हनले होते नं, बुजवाले परवानगी पाह्यजे? वर मांडला तुमचा मुद्दा. साहेबांना पटला."

त्यांनी माझ्यासमोर कोरा अर्ज ठेवला. चार पानीच होता. नाव, घरपट्टीची पावती, हातनकाशा आणि मग तो रकाना, 'रस्त्याच्या पृष्ठभागाचा प्रकार'.

मी पेन काढलं आणि कोणी काही म्हणायच्या आत 'डांबरी' वर खूण केली.